गॅसकडून विजेकडे : स्वयंपाकघरातील स्थित्यंतराचा हिशेब

प्रतिनिधी

शेगडी बदलणे हा वरकरणी अगदी घरगुती निर्णय. सिलिंडर ऐन वेळी संपला म्हणून आणलेली इंडक्शन शेगडी आज अनेक शहरी घरांत ओट्याच्या कोपऱ्यात दिसते. तिच्यावर सकाळचा चहा होतो, दूध तापते, पण पोळ्या आणि फोडणी मात्र गॅसवरच. एका घरापुरता हा सोयीचा प्रश्न. मात्र जगातील अनेक शहरांनी आणि देशांनी गेल्या काही वर्षांत तो धोरणाचा प्रश्न केला आहे. घरे, उपाहारगृहे आणि कार्यालये यांतून जळणारा गॅस हळूहळू काढून टाकायचा आणि स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणे, ही सारी कामे विजेवर आणायची, असा हा विचार आहे. आपल्या स्वयंपाकघरांना तो कितपत लागू पडतो? हा बदल खिशाला परवडेल काय, जुन्या इमारतींच्या तारा तो पेलतील काय, आणि त्यातून हवा खरोखरच स्वच्छ होईल काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी सरळ नाहीत.

इंधनबदल नवा नाही

मुंबईसारख्या शहराने इंधनबदल अनेकदा पाहिले आहेत. एकोणिसाव्या शतकात १८६० च्या दशकात येथील रस्त्यांवर कोळशापासून बनवलेल्या गॅसचे दिवे लागले. घरात मात्र चूल आणि कोळशाची शेगडीच होती. त्यानंतर रॉकेलचे स्टोव्ह आले. बर्मा शेल कंपनीने १९५५ मध्ये 'बर्शेन' या नावाने मुंबईत सिलिंडरमधील गॅस आणला, तेव्हा तो मोजक्या सुखवस्तू घरांपुरताच होता. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनीची स्थापना झाली आणि पाइपमधून नैसर्गिक गॅस घरोघरी पोहोचू लागला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर ग्रामीण भागातील गरीब घरांपर्यंत नेला. आज या योजनेखालील जोडण्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे.

म्हणजेच ज्या देशात गॅस हेच कालपरवापर्यंत प्रगतीचे चिन्ह होते आणि अनेक घरांत अजूनही आहे, तेथे 'गॅस सोडा' असे सांगणे सोपे नाही. लाकूडफाट्याच्या धुरातून सुटका करणाऱ्या गॅसची तुलना चुलीशी केली, तर तो निःसंशय स्वच्छ आहे. प्रश्न आहे तो पुढच्या पायरीचा.

या पायरीचा विचार सरकारी पातळीवरही सुरू झाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'गो इलेक्ट्रिक' मोहिमेचा प्रारंभ करताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे विजेवरील उपकरणांनाही अनुदान का देऊ नये, असा मुद्दा मांडला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने देशभर २० लाख इंडक्शन शेगड्या वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. दुसऱ्या बाजूला, पाइप गॅसचे जाळे शहरोशहरी वाढवण्याचे धोरणही कायम आहे. दोन्ही गाड्या एकाच वेळी धावत आहेत.

या हालचालींमागचे मोठे कारण पर्यावरणापेक्षाही आयात हे आहे. देशात वर्षाला ३ कोटी टनांहून अधिक एलपीजी लागतो आणि त्यातील सुमारे ६० टक्के परदेशातून आणावा लागतो. ही आयात आजवर प्रामुख्याने आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीमार्गे होत आली आहे. नैसर्गिक वायूच्या बाबतीतही जवळपास निम्मी गरज आयातीवर भागते. तिकडे तणाव वाढला की इकडे स्वयंपाकघराचे गणित बिघडण्याची भीती निर्माण होते, ती यामुळेच.

इंडक्शन चालते कसे?

गॅसच्या शेगडीत ज्योत भांड्याला तापवते. पण त्याबरोबरच ती आजूबाजूची हवा आणि ओट्याशी उभ्या असलेल्या माणसालाही तापवते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. प्रत्यक्ष वापरात, लहान भांड्याखाली मोठी ज्योत ठेवल्याने, ती याहून कमी भरते.

इंडक्शनमध्ये ज्योतही नसते आणि तापलेली तारही नसते. काचेच्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून अतिशय वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते. वर लोखंडाचे भांडे ठेवले की त्या भांड्याच्या बुडातच भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि बूड तापते. उष्णता भांड्यातच जन्म घेत असल्यामुळे सुमारे ८५ टक्के ऊर्जा अन्नापर्यंत पोहोचते. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणूनच या शेगडीवर ॲल्युमिनियमची कढई किंवा तांब्याचे पातेले चालत नाही. बिडाचा तवा उत्तम चालतो. घरातील भांडे चालेल की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चुंबक. तो भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटला आणि बूड सपाट असले, तर ते भांडे इंडक्शनला चालते.

अर्थात, मराठी स्वयंपाकघरातील काही कामांना ज्योतच लागते. फुलका थेट विस्तवावर फुगवणे, भरताचे वांगे भाजणे, पापड भाजणे ही कामे इंडक्शनवर होत नाहीत. गोल बुडाच्या कढईतील तळणही अडचणीचे ठरते. भात, डाळ, उसळ, दूध, चहा, कुकरच्या शिट्ट्या मात्र गॅसपेक्षा लवकर होतात.

खिशाचा हिशेब

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. शेगडीवर त्यातील ६० ते ६५ टक्के कामी येते असे धरले, तर भांड्यापर्यंत ११० ते ११५ युनिट पोहोचतात. तेवढेच काम इंडक्शनवर करायला सुमारे १३० ते १३५ युनिट वीज लागते. म्हणजे सिलिंडरच्या किमतीला १३० ने भागले की आपल्यासाठी विजेचा 'बरोबरीचा दर' निघतो. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला होता. त्या किमतीला बरोबरीचा दर साधारण साडेसहा रुपये येतो. पाइप गॅसच्या एका घनमीटरचे काम सुमारे ७ युनिट विजेत होते. एप्रिल २०२५ मध्ये महानगर गॅसचा घरगुती दर घनमीटरला ४९ रुपये झाला. त्या दराने बरोबरीचा आकडा ७ रुपये निघतो.

आपला विजेचा दर यापेक्षा कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, जास्त असेल तर महाग, इतका हा हिशेब सोपा आहे. गुंतागुंत आहे ती दरांच्या टप्प्यांत. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर वापरानुसार चढत जातात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा आणि १०१ ते ३०० या टप्प्याचा दर यांत जवळपास दुपटीचे अंतर होते. पंखे, फ्रीज, दिवे आणि दूरचित्रवाणी यांतच पहिले १०० युनिट संपवणाऱ्या कुटुंबाने स्वयंपाक विजेवर आणला, तर वाढीव १०० ते १३० युनिट वरच्या दराने मोजले जातात. अशा वेळी विजेवरचा स्वयंपाक गॅसपेक्षा महाग पडू शकतो. काटकसरीने वीज वापरणाऱ्या लहान कुटुंबालाच, सिलिंडर वाचवण्याच्या नादात, स्वस्त टप्प्यातून बाहेर ढकलले जाण्याचा धोका असतो. याउलट छतावर सौर पॅनेल असलेल्या घराला हाच बदल सर्वाधिक फायद्याचा ठरतो. हे पॅनेल बसवण्याची ऐपत आणि स्वतःचे छत कोणाकडे असते, हे वेगळे सांगायला नको.

धूर जातो कुठे?

'वीज स्वच्छ, गॅस घाण' हे विधान भारतात आज जसेच्या तसे खरे नाही. एक सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशातील विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज अजूनही कोळशापासून तयार होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे सिलिंडरऐवजी १३० युनिट वीज वापरली, तर ९० किलोहून अधिक वायू बाहेर पडतो. आपल्या ओट्यावर तो दिसत नाही, इतकेच. तो चंद्रपूर किंवा कोराडीच्या धुराड्यातून निघतो.

हा हिशेब बरोबरीला यायचा असेल, तर एका युनिटमागील उत्सर्जन ३२० ग्रॅमच्या आसपास खाली यावे लागेल. म्हणजे आजच्या निम्म्याहून कमी. ते अशक्य नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केल्यानुसार देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक असतो. सौर पॅनेल रात्री वीज देत नाहीत आणि आपला मोठा स्वयंपाक सूर्यास्तानंतरच होतो. दुपारच्या विजेचा साठा करणे किंवा जमेल तितका स्वयंपाक दिवसा करणे, हे दोनच मार्ग उरतात. महावितरणने २०२५ मध्ये स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरासाठी दरात सवलत सुरू केली, ती याच दिशेने टाकलेले पाऊल होय.

मग आजच शेगडी बदलण्याचा उपयोग काय? त्याला एक उत्तर आहे. गॅसची शेगडी आयुष्यभर गॅसच जाळणार. विजेची शेगडी मात्र वीजनिर्मिती जसजशी स्वच्छ होईल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते. शिवाय नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन न जळता हवेत गेला, तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट प्रभावी असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये घरगुती शेगड्यांची तपासणी केली. त्यांतून गळणाऱ्या मिथेनपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मिथेन शेगडी बंद असताना गळतो, असे त्यांना आढळले.

घरातील हवेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. ज्योत जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वसनमार्गाला त्रासदायक असतो. शहरातील लहान सदनिकांत, जेथे खिडकी डक्टमध्ये उघडते, तेथे तो साचून राहतो. विजेच्या शेगडीत हा वायू नाही. मात्र फोडणीचा धूर आणि तळणाची वाफ यांतील सूक्ष्म कण इंधन कोणतेही असले तरी निघतातच. त्यामुळे एक्झॉस्ट पंख्याला सुटी नाही.

इमारतीच्या तारा

घरगुती इंडक्शन शेगडी साधारण १८०० ते २००० वॉट शक्तीची असते. तिला ९ अँपियरपर्यंत प्रवाह लागतो. म्हणजेच दिव्यापंख्यांचा ६ अँपियरचा प्लग पॉइंट तिला पुरत नाही. १६ अँपियरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट, योग्य जाडीची तार, एमसीबी आणि अर्थिंग आवश्यक असते. नव्या इमारतींत हे सारे असते. चाळी आणि जुन्या पागडीच्या इमारतींत मात्र मूळ वायरिंग दिवे आणि पंख्यांपुरतेच केलेले असते आणि मंजूर भारही कमी असतो. मुंबईतील आगींच्या कारणांत सदोष वीजजोडणी वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिली आहे. अशा घरात एक्स्टेंशन बोर्डावर शेगडी चालवणे म्हणजे सिलिंडरचा धोका टाळून दुसरा ओढवून घेणे होय.

प्रश्न एका घरापुरता नसतो. १०० सदनिकांच्या सोसायटीत सायंकाळी ६० घरांनी एकाच वेळी २ किलोवॉटची शेगडी लावली, तर १२० किलोवॉटचा भार वाढतो. तोही वातानुकूलन यंत्रे सुरू होण्याच्या वेळी. मीटरखोली, मुख्य केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांची क्षमता तपासल्याशिवाय असा बदल करता येत नाही. त्याचा खर्च कोणी उचलायचा, मालकाने, भाडेकरूने, सोसायटीने की वीज कंपनीने, हा पुढचा वादाचा विषय आहे.

आंघोळीच्या पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. येथे विजेच्या साध्या गिझरपेक्षा 'हीट पंप' हा पर्याय सरस ठरतो. तो वातानुकूलन यंत्राच्या उलट काम करतो. बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून ती पाण्यात सोडतो. मुंबई-पुण्याच्या हवामानात एका युनिट विजेत तो सुमारे तीन युनिट उष्णता देऊ शकतो. त्यामुळे आजच्या कोळशाच्या विजेवरही त्याचे उत्सर्जन गॅस गिझरच्या जवळपास बरोबरीला येते. हॉटेले आणि रुग्णालये यांना तो विशेष सोयीचा आहे. बंदिस्त न्हाणीघरात गॅस गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झाल्याच्या घटनाही घडतात. हीट पंपामध्ये तो धोका राहत नाही. पुण्यात सौर बंब बसवणाऱ्यांना महापालिका मालमत्ता करात सवलत देते, तो मार्गही खुला आहे.

व्यावसायिक स्वयंपाकघरांवर या बदलाचा दबाव अधिक थेट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत हरित इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. महापालिकेने त्यांच्यापुढे पाइप गॅस, एलपीजी आणि वीज असे पर्याय ठेवले. भट्टी बदलण्याचा खर्च आणि पावाची चव, या दोन्ही चिंता बेकरीचालकांनी मांडल्या. इंधनबदलाचा आदेश काढणे आणि तो प्रत्यक्षात आणणे यांतील अंतर येथे स्पष्ट दिसले.

इतरांचे अनुभव

नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात प्रचंड वायूसाठा सापडला आणि त्यानंतरच्या दशकात जवळपास सारा देश नैसर्गिक वायूवर गेला. पुढे वायू उपसल्यामुळे जमिनीला धक्के बसू लागले. ऑगस्ट २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो घरांना तडे गेले आणि जनमत फिरले. जुलै २०१८ पासून तेथे नव्या इमारतींना गॅसजोडणी न देण्याचा नियम आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रोनिंगेनमधील उत्पादन थांबवण्यात आले. ज्या देशाने गॅस सर्वांत उत्साहाने स्वीकारला, त्यानेच तो सोडण्याचा निर्णय घेतला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले शहराने जुलै २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसवाहिन्यांना बंदी घातली. असे करणारे ते त्या देशातील पहिले शहर. उपाहारगृहांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयाने नियम अवैध ठरवला आणि २०२४ मध्ये शहराने तो मागे घेण्याचे मान्य केले.

आपल्याला अधिक जवळचे अनुभव आहेत ते इक्वेडोर आणि नेपाळचे. इक्वेडोरने २०१४ मध्ये ३० लाख घरांत इंडक्शन शेगड्या पोहोचवण्याची योजना आखली आणि स्वयंपाकासाठी दरमहा ८० युनिट वीज मोफत देऊ केली. परंतु अनुदानित सिलिंडर इतका स्वस्त राहिला की लोकांनी तो सोडला नाही. उद्दिष्ट गाठता आले नाही. पुढे २०२४ मध्ये दुष्काळाने जलविद्युत कोलमडली आणि तेथील नागरिकांना दिवसाला अनेक तास अंधारात काढावे लागले. नेपाळमध्ये २०१५ च्या नाकेबंदीत सिलिंडर मिळेनासे झाले. लोक इंडक्शन शेगड्यांकडे वळले, पण तेव्हा भारनियमनामुळे वीजही नव्हती. २०२१ मध्ये अप्पर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प सुरू झाल्यावर चित्र पालटले. आज तेथील सरकारने २०३० पर्यंत २५ टक्के घरांत स्वयंपाकाचे मुख्य साधन वीज असावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आधी भरवशाची वीज आणि मग शेगडी, हा या दोन्ही अनुभवांचा धडा आहे.

मग करायचे काय?

सर्वसामान्य कुटुंबाने गॅसजोडणी तोडण्याची घाई करण्याचे कारण नाही. विजेचे बिल समोर घेऊन आपला वापर कोणत्या टप्प्यात मोडतो ते पाहावे आणि सिलिंडरच्या किमतीला १३० ने, किंवा पाइप गॅसच्या दराला ७ ने भागून तुलना करावी. बरोबरी होत असेल तर भात, डाळ, दूध, पाणी ही उकळण्याची कामे विजेवर आणावीत आणि पोळी-भाजणी गॅसवर ठेवावी. अशा मिश्र पद्धतीने सिलिंडर बऱ्याच अधिक दिवस पुरतो आणि वीज गेली तरी घर उपाशी राहत नाही. सोसायट्यांनी पुनर्विकासाच्या वेळी स्वयंपाकघरात दोन स्वतंत्र पॉवर पॉइंट आणि मुख्य केबलमध्ये जादा क्षमता यांची तरतूद करून घ्यावी. बांधकाम सुरू असताना हा खर्च किरकोळ असतो. भिंती उभ्या राहिल्यावर तोच डोईजड होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत वैयक्तिक घराला ७८ हजार रुपयांपर्यंत, तर गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. तिचाही विचार सोसायट्यांनी करावा.

खरी जबाबदारी मात्र धोरणकर्त्यांवर आहे. सिलिंडरला अनुदान आणि स्वयंपाकाच्या विजेला चढा दर, अशी रचना असेल तर इंडक्शन शेगडी कोपऱ्यातच राहील. स्वयंपाकासाठी लागणाऱ्या विजेला स्वतंत्र, माफक दर द्यायचा की नाही, जुन्या इमारतींच्या तारा बदलण्याला मदत करायची की नाही आणि सायंकाळची वीज कोळशाऐवजी साठवलेल्या सौरऊर्जेतून कधी मिळणार, हे निर्णय ओट्यावर होत नाहीत. पाइप गॅसच्या जाळ्याचाही विचार आताच करायला हवा. उद्या ऐपतदार ग्राहक विजेकडे गेले, तर त्या जाळ्याच्या देखभालीचा खर्च मागे राहिलेल्या थोड्या आणि गरीब ग्राहकांच्या माथी येईल.

ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या गॅसवरून नैसर्गिक वायूकडे जाताना सुमारे ४ कोटी उपकरणे घरोघरी जाऊन बदलली. ते काम ग्राहकाच्या मर्जीवर आणि खिशावर सोडले नव्हते. गॅसपुरवठा करणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेने विभागवार वेळापत्रक आखून ते पार पाडले. स्वयंपाकघरातील इंधन बदलते ते असे, ज्योत विझवण्याआधी पर्यायाची सोय करून. आपल्याकडे चुलीवरून गॅसकडे येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला आणि तरीही काही घरांत चूल आजही पेटते. पुढचे स्थित्यंतर यापेक्षा न्याय्य व्हायचे असेल, तर त्याची तयारी आधी वीजदरात आणि वायरिंगमध्ये व्हावी लागेल; शेगडी त्यानंतर.